वाघाशी नाते सांगणारी माणसे

मांजर ही वाघाची कोण? हा प्रश्न पहिलीतल्या मुलालाही विचारला, तरी तो चटकन उत्तर देईल, "मावशी!" मावशीने भाच्याला दबा धरणे, झडप घालणे, पंजा मारणे असे सर्व काही शिकवले. मात्र झाडावर चढण्याची विद्या तिने राखून ठेवली आणि म्हणून तिचा जीव वाचला, ही गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकलीच असेल.

आता प्राणिशास्त्रज्ञांना विचारू या. ते म्हणतात की, मांजर आणि वाघ हे एकाच कुळातले प्राणी आहेत. वाघ, सिंह, बिबट्या यांची शाखा मांजराच्या शाखेपासून सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. म्हणजे मावशी-भाचा नव्हे, पण दूरचे भाऊबंद खरेच! उत्क्रांती हा शब्दही ठाऊक नसलेल्या माणसांनी दोघांचे डोळे, मिशा, आत ओढता येणारी नखे आणि दबकत चालणे पाहिले आणि नाते ओळखले. झाडावर चढण्याच्या बाबतीत मात्र गोष्ट थोडी चुकली. वाघाची पिल्ले झाडावर चढतात आणि मोठा वाघही प्रसंगी चढतो. पण दोनशे किलोंच्या आसपास वजन असलेल्या देहाला ते अवघड जाते, इतकेच.

तेव्हा लोककथेत काही खरे असते आणि काही कल्पनेचे असते. दोन्ही वेगळे कसे करायचे, हे आज आपण पाहणार आहोत. त्यासाठी आपल्या वऱ्हाडातच एक फेरफटका मारू.

कुलामामाचा मुलूख

अमरावतीहून परतवाड्याला या. तेथून पुढे सातपुड्याच्या गाविलगड डोंगरांचा घाट सुरू होतो. घाट चढून गेलात की चिखलदरा. त्याच्या पलीकडे सेमाडोह, कोलकास, हरिसाल आणि धारणीपर्यंत डोंगरामागून डोंगर पसरलेले आहेत. घाटांचा मेळ असलेला हा प्रदेश म्हणजे मेळघाट. दक्षिणेकडे, अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यातला नरनाळा किल्ला याच डोंगररांगेवर उभा आहे. १९७३ साली भारतात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्यात आरंभी जी नऊ वने निवडली, त्यांत महाराष्ट्रातले एकच होते, ते मेळघाट. येथील राखीव क्षेत्र १९७४ साली घोषित झाले.

या डोंगरात कोरकू लोक राहतात. त्यांच्या भाषेत 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणून कोरकू म्हणजे 'माणसे'. वाघाला ते 'कुला' म्हणतात आणि पुष्कळदा नुसते 'कुला' न म्हणता 'कुलामामा' म्हणतात.

हा 'कुला' शब्द मोठा बोलका आहे. कोरकू ही मराठी किंवा हिंदीच्या कुळातली भाषा नाही. ती मुंडा कुळातली, आणि त्या कुळातली सर्वांत पश्चिमेकडची भाषा आहे. तिच्या बहिणी आढळतात त्या झारखंड आणि ओडिशाच्या बाजूला, मेळघाटापासून आठ-नऊशे किलोमीटर पूर्वेला. तेथील मुंडारी भाषेत वाघाला 'कुला' म्हणतात आणि संथाळीत 'कुल' म्हणतात. मधल्या एवढ्या मुलखात इतर भाषा पसरलेल्या असूनही वाघाचे नाव दोन्हीकडे टिकून राहिले आहे! या लोकांचे पूर्वज एकमेकांपासून दूर जाण्यापूर्वीच वाघाला ओळखत होते, याचा हा पुरावाच समजा. जमिनीत पुरलेली हाडे जशी जुना इतिहास सांगतात, तसा भाषेत जपलेला शब्दही सांगतो.

मामा कशासाठी?

आता 'मामा' का? आपल्याकडे आईचा भाऊ म्हणजे लाड करणारा, हक्काचा माणूस. चंद्राला आपण चांदोमामा म्हणतो ते त्यामुळेच. ज्याची भीती वाटते त्याला नात्यात ओढून घेतले, की त्याच्याशी वागण्याचे काही नियम आपोआप ठरतात. मामाची कुरापत काढायची नाही. मामाच्या घरी जायचे ते त्याचा मान राखून. मामानेही भाच्याला सांभाळायचे.

भीती वाटणाऱ्या प्राण्याचे नाव आडून घेण्याची रीत जगात पुष्कळ ठिकाणी आहे. रशियन भाषेत अस्वलाला 'मेद्‌व्येद' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ 'मध खाणारा'. इंग्रजीतला 'बेअर' हा शब्द 'तपकिरी' या अर्थाच्या जुन्या शब्दापासून आला असावा, असे अनेक भाषातज्ज्ञ मानतात. अस्वलाचे खरे नाव उच्चारले तर ते येऊन उभे राहील, या भीतीने तिकडच्या लोकांनी त्याला अशी टोपणनावे दिली. पुढे मूळ नाव विसरले गेले आणि टोपणनावच उरले!

कोरकूंच्या गावात पूजाअर्चा करणाऱ्याला भूमका म्हणतात. वाघ गुरे मारू लागला की गावाच्या वतीने वाघदेवापुढे गाऱ्हाणे मांडण्याचे काम भूमकाकडे असे, अशी जुन्या ग्रंथांत नोंद आहे. इकडे सह्याद्रीच्या बाजूला वारली लोकही वाघोबाला मानतात आणि दिवाळीच्या सुरुवातीला वाघबारशीला त्याची पूजा करतात. मुंबई, ठाणे आणि पालघर या भागांत काही संशोधकांनी वाघोबाची ठाणी मोजली, तेव्हा सुमारे दीडशे ठाण्यांची नोंद झाली. त्यांचा अहवाल २०२१ साली प्रसिद्ध झाला.

मातीची माणसे आणि पहिला कुत्रा

कोरकूंची एक उत्पत्तिकथा रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ सालच्या आपल्या ग्रंथात दिली आहे. सातपुड्याचे डोंगर ओसाड पाहून रावणाने महादेवाला विनंती केली, "येथे माणसे निर्माण कर." महादेवाने कावळ्याला लाल मातीचे वारूळ शोधायला पाठवले. त्या मातीच्या त्याने दोन मूर्ती केल्या, एक पुरुषाची आणि एक स्त्रीची. पण इंद्राचे दोन तेजस्वी घोडे आले आणि त्यांनी मूर्ती तुडवून टाकल्या. पुन्हा केल्या, पुन्हा तुडवल्या. शेवटी महादेवाने मातीचा कुत्रा केला आणि त्यात प्राण फुंकला. कुत्र्याने घोड्यांना हुसकावून लावले, आणि मगच मूला आणि मुलई ही पहिली माणसे जन्माला आली.

या कथेत माणसाच्या आधी कुत्रा येतो! अर्थात माणसे वारुळाच्या मातीपासून झाली नाहीत, हे तुम्ही जाणता. पण कुत्रा राखण करतो म्हणून माणूस सुरक्षित राहतो, हा रानात राहणाऱ्यांचा रोजचा अनुभव कथेत उतरला आहे.

विज्ञान काय सांगते? कुत्रा हा प्राचीन लांडग्यांपासून झाला. निदान पंधरा हजार वर्षांपूर्वी, म्हणजे शेती सुरू होण्याच्याही पुष्कळ आधी, तो माणसाच्या सोबतीला आला. जर्मनीत बॉन शहराजवळ १९१४ साली एक थडगे सापडले. ते सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे आहे. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि कुत्र्याचे एक पिल्लू पुरलेले होते. पिल्लाच्या दातांचा अलीकडे अभ्यास झाला. त्यावरून दिसले की, मरण्यापूर्वी काही आठवडे ते फार आजारी होते. कोणी काळजी घेतल्याशिवाय ते एवढे दिवस जगते ना. आजारी पिल्लाचा शिकारीला उपयोग शून्य. तरीही कोणीतरी त्याला पाणी पाजले, ऊब दिली. माणसाच्या आणि प्राण्याच्या मायेचा इतका जुना पुरावा क्वचितच मिळतो.

मोगली होणे शक्य आहे का?

याच सातपुड्याच्या पूर्वेकडच्या भागात, सिवनीच्या जंगलात, किपलिंगने मोगलीची कथा रचली. 'जंगल बुक' १८९४ साली प्रसिद्ध झाले. ते वाचल्यावर कोणालाही वाटते की, आपणही एखादे बछडे पाळावे!

येथे दोन गोष्टींतला फरक नीट समजून घ्या. एखाद्या रानटी प्राण्याला लहानपणापासून हाताळले, तर तो माणसाला सरावतो. कोनराड लोरेन्झ या शास्त्रज्ञाने दाखवले की, राजहंसाच्या कुळातली ग्रेलॅग जातीची पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर प्रथम जे हलताना दिसेल, त्यालाच आई मानून मागे मागे चालतात. अशी पिल्ले लोरेन्झच्या मागे चालत. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी त्याला १९७३ साली दोन सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले. पण असा सराव त्या एका प्राण्यापुरता असतो. त्याची पुढची पिढी पुन्हा रानटीच जन्मते.

सबंध जात माणसाळण्यासाठी अनेक पिढ्यांची निवड लागते. रशियात बेल्यायेव या शास्त्रज्ञाने १९५९ साली कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. प्रत्येक पिढीतले सर्वांत शांत कोल्हे निवडून त्यांचीच पैदास केली. काही पिढ्यांनंतर माणूस दिसताच शेपटी हलवणारी पिल्ले जन्मू लागली. वाघाची अशी निवड कोणी केलेली नाही. म्हणून माणसाच्या हातून दूध प्यायलेला वाघही आतून वाघच राहतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानटी प्राणी घरी पाळणे हा गुन्हा आहे.

वऱ्हाडातल्या मुलांनी एक गोष्ट तर अवश्य लक्षात ठेवावी. वावराच्या कडेला, गवतात, चितळाचे किंवा रोह्याचे पाडस एकटेच निपचित पडलेले दिसते. तुम्हाला वाटते, 'अरेरे, बिचाऱ्याची आई गेली!' तसे नसते. आई त्याला लपवून चरायला गेलेली असते. हलायचे नाही, हाच त्या पाडसाचा बचाव. तुम्ही दया येऊन त्याला उचलून घरी आणलेत, तर ते खरोखरच पोरके होईल. अशा वेळी त्याला हात न लावता दूर जावे. पाडस जखमी असेल, तर वन विभागाला कळवावे. बिबट्याची पिल्ले दिसली तरी हाच नियम, आणि तेथे तर क्षणभरही थांबू नये.

खरीखुरी मैत्री

मग रानटी प्राणी आणि माणूस यांची मैत्री कधी होतच नाही का? होते, पण दोघांचा लाभ असेल तेव्हा. आफ्रिकेत 'मधदर्शक' म्हणता येईल असा एक लहान पक्षी आहे. त्याला मधमाश्यांचे मेण आवडते, पण पोळे फोडता येत नाही. माणसाला पोळे फोडता येते, पण सापडत नाही. तेव्हा पक्षी ओरडत ओरडत पुढे उडतो आणि माणूस मागून जातो. माणसाला मध, पक्ष्याला मेण! मोझांबिक देशातले याओ लोक या पक्ष्याला बोलावण्यासाठी 'ब्रर्र-हम्' असा आवाज काढतात. हा आवाज वडिलांकडून मुलाकडे येतो. तो खरोखर उपयोगी पडतो का, याची शास्त्रज्ञांनी परीक्षा घेतली. २०१६ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, इतर आवाज काढले असता पक्षी वाट दाखवण्याची शक्यता ३३ टक्के होती आणि हा खास आवाज काढला असता ती ६६ टक्के, म्हणजे नेमकी दुप्पट झाली. येथे परंपरा परीक्षेत उतरली.

मग वाघाशी कसला करार? नेपाळमधल्या चितवन येथे शास्त्रज्ञांनी रानवाटांवर आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे बसवले. ज्या वाटांवर माणसे चालत होती, त्याच वाटांवर वाघही चालत होते! फक्त वेळा निराळ्या होत्या. माणसे दिवसा जात, आणि वाघांनी आपला फिरण्याचा वेळ बराचसा रात्रीकडे सरकवला होता. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. दिवेलागणीनंतर रानात जाऊ नये, एकट्याने जाऊ नये, बोलत चालावे, हे रानाजवळच्या गावांतले नियम तुम्ही ऐकले असतील. त्यांचा अर्थ आता तुमच्या ध्यानात येईल. वाट एकच, पण वेळ वाटून घेतलेला.

मोहफुले वेचताना मात्र हा करार सहज मोडतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे मोहाखाली सडा पडतो. माणसे तो वेचायला जातात आणि अस्वलालाही तीच फुले आवडतात. शिवाय वाकून वेचणारा माणूस लांबून चार पायांच्या जनावरासारखा दिसतो, त्यामुळे वाघ-बिबट्याकडूनही धोका वाढतो. तेथे मामा म्हणून हाक मारून भागत नाही, सावधच राहावे लागते. वाघोबाला मानणाऱ्या माणसांचीही गुरे जातात, कधी माणसेही जातात. श्रद्धेमुळे धोका टळत नाही. पण नुकसान झाल्यावर सबंध जातीचा सूड घ्यावा, ही भावना तिच्यामुळे थोडी आवरली जाते.

समजुतीची दुसरी बाजू

प्रत्येक जुनी समजूत प्राण्यांच्या हिताची असते असे मुळीच नाही. वाघाचे नख गळ्यात बांधले की मूल धीट होते, असे म्हणतात. ते नख केराटिन नावाच्या द्रव्याचे असते आणि तुमच्या बोटांची नखेही त्याच द्रव्याची असतात! खवल्या मांजराचे खवलेही केराटिनचेच. मांडूळ हा 'दुतोंडी' साप धन मिळवून देतो, अशीही एक समजूत आहे. वास्तविक मांडुळाला तोंड एकच असते. त्याची शेपटी बोथट असल्यामुळे ती दुसऱ्या तोंडासारखी भासते. तो मातीत राहून उंदीर खातो, म्हणजे शेतकऱ्याचा मित्रच. पण या एका खोट्या समजुतीपायी किती मांडुळे पकडली आणि विकली जातात!

तेव्हा कोणतीही समजूत कानावर आली की दोन प्रश्न विचारा. पहिला, हे निरीक्षणाने तपासता येईल का? दुसरा, यामुळे प्राण्याचे आणि माणसाचे भले होते की नुकसान?

मामाचे गाव कोणाचे?

आता थोडे गणित करू. एक वाघ वर्षाला सुमारे ५० मोठी जनावरे खातो. चितळ-सांबरांच्या कळपातून वाघाने दरवर्षी दहावा हिस्सा नेला, तरी कळप भरून निघतो. मग एका वाघासाठी कळप केवढा हवा? ५० × १० = ५००. पाचशे तृणभक्षक प्राणी, त्यांना पुरेल एवढे गवत, आणि गवताला जागा. वाघाला एवढे मोठे रान का लागते, ते यावरून कळेल.

म्हणूनच मेळघाटच्या गाभ्यातली काही गावे हलवावी लागली. या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा आणि कुंड ही गावे डोंगर उतरून अकोट तालुक्यात आली. पुढे आणखी गावे आली. जुन्या गावठाणांवर गवताची कुरणे झाली आणि तेथे चितळ, सांबर, रानगवे चरू लागले. वाघाच्या दृष्टीने हे चांगले झाले. देशातले वाघ २००६ सालच्या मोजणीत सुमारे १,४११ होते, ते २०२२ साली सरासरीने ३,६८२ भरले, त्यात अशा रानांचा वाटा आहे.

पण माणसांचे काय? डोंगरात मोहफुले, डिंक, मध, औषधी मुळ्या होत्या. सपाटीवर आल्यावर त्यांतले पुष्कळ सुटले. जमिनीच्या आणि रोजगाराच्या तक्रारी घेऊन २०१९ च्या जानेवारीत काही गावकरी पुन्हा जंगलात परतले आणि तेथे वन कर्मचाऱ्यांशी संघर्षही झाला. याचे सोपे उत्तर कोणाजवळ नाही. वाघाला जागा हवी हे खरे आणि ज्यांनी त्याला पिढ्यान् पिढ्या मामा म्हटले, त्यांना न्याय मिळावा हेही तितकेच खरे.

आणि हा प्रश्न केवळ डोंगरातल्यांचा नाही. वान आणि शहानूर या नद्या याच डोंगरातून दक्षिणेकडे उतरतात. त्यांच्यावरच्या धरणांचे पाणी अकोला-अमरावती जिल्ह्यांतल्या अनेक गावांना मिळते. अकोटला किंवा दर्यापूरला तुम्ही नळ सोडता, तेव्हा त्यात कुलामामाच्या रानात मुरलेला पाऊस असू शकतो.

तुम्ही काय कराल?

'रानवाटा' आणि 'चकवाचांदण' या पुस्तकांचे लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) हे वनाधिकारी होते. मेळघाटातही त्यांनी काम केले. रानात राहणाऱ्या माणसांजवळ बसून त्यांनी पशुपक्ष्यांची नावे आणि त्यांच्या गोष्टी टिपून घेतल्या, आणि त्यांतून मराठीला कितीतरी नवे शब्द मिळाले. हे काम लहान प्रमाणात तुम्हालाही करता येईल.

१. एक वही करा. आजा-आजीला, गुराख्याला, शेजारच्या शेतकऱ्याला विचारून प्राण्यांची गावाकडची नावे लिहा. रोही, तडस, भेकर, कोल्हा यांपासून सुरुवात करा.

२. प्रत्येक प्राण्याविषयी एक गोष्ट किंवा समजूत लिहा. कोणी सांगितली, कोणत्या गावी आणि कधी, हेही नोंदवा.

३. शेजारी दोन रकाने आखा, 'तपासून पाहिले' आणि 'तपासायचे आहे'. घाईने खरे-खोटे ठरवू नका. पुस्तके पाहा, शिक्षकांना विचारा.

४. वर्गात कोणी कोरकू, गोंडी किंवा दुसरी भाषा बोलणारा मित्र असेल, तर त्याच्याकडून प्राण्यांची नावे शिकून घ्या. त्याच्या घरी अशा गोष्टी असतील, ज्या कोणत्याच पुस्तकात अजून आलेल्या नाहीत.

डोंगर सोडून सपाटीवर आलेल्या घरांतली म्हातारी माणसे आज त्या गोष्टी सांगू शकतात. त्यांची नातवंडे शाळेत तुमच्या शेजारच्या बाकावर बसत असतील. वही घेऊन त्यांच्या घरी जायला या सुट्टीइतकी चांगली वेळ नाही.